गुडघेदुखी आणि उपचारांची पारख

साताऱ्याच्या चढणीच्या गल्लीतून किंवा सांगलीच्या कृष्णाघाटाच्या पायऱ्यांवरून साठी उलटलेली एखादी गृहिणी उतरू लागली, म्हणजे ती कोणते पाऊल आधी टाकते हे पाहण्यासारखे असते. उतरताना ती दुखऱ्या गुडघ्याचा पाय आधी खाली ठेवते. चढताना धडधाकट पाय पुढे करते. हे तिला कोणी सांगितलेले नसते. दुखण्यानेच ही युक्ती तिला शिकविलेली असते. सकाळी अंथरुणातून उठताच सांधे आखडलेले असावेत, चार पावले चालल्यावर ते सुटावेत, आणि दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी पुन्हा ठणकावेत. देवघरात मांडी घालता येऊ नये, पंगतीत पाटावर बसता येऊ नये, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागावा, ही लक्षणे महाराष्ट्रातील बहुतेक घरांस परिचित आहेत. लोक या दुखण्याला सरसकट संधिवात म्हणतात. डॉक्टर त्यास ऑस्टिओआर्थ्रायटिस हे नाव देतात.

अशा घरी सल्ल्याला तोटा कधीच नसतो. शेजारीण निर्गुडीच्या पाल्याचा शेक सुचविते, गावचे मामा वैद्यांकडील गुग्गुळाच्या गोळ्यांची शिफारस करतात, मुलगा वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणून देतो, आणि मुंबईचे जावई शस्त्रक्रिया करून मोकळे होण्यास सांगतात. प्रत्येकापाशी बरे झालेल्या एकेका माणसाचे उदाहरण तयार असते. विशेष हे की, त्यांतील कोणीही खोटे बोलत नसतो. मग मानावे कोणाचे? या प्रश्नाचा निकाल लावताना पैसा, वेळ आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाचे हिंडणेफिरणे, ही तिन्ही पणास लागलेली असतात.

कृष्णाकाठच्या ज्या मुलखात हा प्रश्न कित्येक पिढ्या विचारला जात आहे, तो मुलूख या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेली संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या मुलखात वैद्यांची परंपरा जुनी होती, आणि पाश्चात्त्य शस्त्रवैद्यकाचे एक मोठे केंद्रही येथेच उभे राहिले. दोन वैद्यके इतकी वर्षे शेजारी शेजारी नांदली, परंतु झिजलेल्या सांध्यावर कोणाचे औषध सरस, याचा निवाडा फार उशिरा सुरू झाला. तो उशीर का झाला, हे समजले म्हणजे घरातील वादाचाही उलगडा होऊ लागतो.

प्रथम नावांचा घोळ दूर केला पाहिजे. आयुर्वेदात सांधेदुखी ही एक व्याधी मानलेली नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचे वर्णन आहे; त्यात संधिगत वात येतो, आणि सांध्याची हवा भरल्यासारखी सूज व हालचालीबरोबर होणारी वेदना ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. वातरक्त ही व्याधी त्याहून निराळी मानलेली आहे. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराच्या माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आले. आजच्या भाषेत साधारण जुळणी करावयाची तर वातरक्त हा गाउटला, आमवात हा सूज व ज्वर आणणाऱ्या दाहक संधिरोगाला, आणि संधिगत वात हा झिजेच्या दुखण्याला जवळचा होय. युरोपात ही विभागणी बरीच नंतर झाली. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याच्या १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बोटांच्या शेवटच्या सांध्यांवर येणाऱ्या कठीण गाठींचे वर्णन असून त्या गाउटहून भिन्न आहेत असे म्हटले आहे. १८५९ साली आल्फ्रेड गॅरॉड यांनी र्‍हूमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव प्रचारात आणले. आणि झिजेचा रोग त्यापासून पुरता वेगळा होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

या झिजेचे स्वरूपही नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून एकदा खराब झाल्यावर ते सहसा भरून येत नाही. आणि त्यात वेदनातंतूही नसतात, म्हणून सुरुवातीच्या हानीची वार्ता रोग्यास लागत नाही. कूर्चा पातळ होते, हाडाच्या कडा वाढतात, सांध्याचे अस्तर मधूनमधून सुजते, आणि दुखते म्हणून माणूस पाय कमी वापरतो. त्यामुळे मांडीचा स्नायू वाळतो व सांध्यावर अधिकच ताण पडतो. हे दुखणे सरळ वाढत जात नाही. ते काही आठवडे उसळते, काही आठवडे निवते. उपचारांच्या साऱ्या इतिहासाची किल्ली या चढउतारात आहे.

जुन्या काळी या भागातील घरगुती उपचार काय होते? निर्गुडीचा किंवा एरंडाचा पाला तव्यावर गरम करून बांधणे, मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी शेकणे, तिळाचे तेल चोळणे, सुंठीचा लेप देणे हे सौम्य प्रकार. आणि बिब्बा घालणे, तुंबडी लावणे, तापलेल्या लोखंडाने डाग देणे हे कडक प्रकार. वैद्यांचे शास्त्र याहून पुष्कळच व्यवस्थित होते. सांध्यात श्लेषक कफ वंगणाचे काम करतो व वात वाढला की रुक्षता येते, या उपपत्तीला धरून स्नेहन, स्वेदन, बस्ती आणि गुग्गुळाचे कल्प यांची योजना केली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गणेश कृष्ण गर्दे यांनी वाग्भट मराठीत आणल्यामुळे हे ज्ञान संस्कृत न जाणणाऱ्या घरांतही पोहोचले.

त्या काळचे पाश्चात्त्य डॉक्टर यापेक्षा फार निराळे काही करीत असत, अशी समजूत असेल तर ती बरोबर नव्हे. मोहरीचे पोटीस, कातडीवर फोड आणणारे पलिस्तर, आयोडिनचा लेप, गरम पाण्याचा शेक ही त्यांची साधने होती. एका ठिकाणी वेदना उत्पन्न करून दुसऱ्या ठिकाणची वेदना विसरावयास लावणे, हे तत्त्व बिब्ब्यात होते तसेच पलिस्तरातही होते. पोटात घेण्याच्या औषधांत मात्र एक नवी भर पडली. १८७६ साली डंडीच्या टॉमस मॅक्लागन यांनी विलो झाडाच्या सालीतील सॅलिसिन हे द्रव्य संधिज्वरावर दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि १८९९ साली त्याच कुळातील अ‍ॅस्पिरिन बाजारात आले. त्याने ठणका कमी होई. झीज मात्र जेथल्या तेथे राही.

याच सुमारास विल्यम वानलेस हे तरुण कॅनेडियन डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने १८८९ साली सांगलीस आले. पुढे त्यांनी आपले कार्य जवळच्या मिरजेस नेले, आणि तेथे १८९४ साली रुग्णालय उघडले. हिंदी तरुणांना वैद्यकाचे शिक्षण देण्याचा उपक्रमही तेथे सुरू झाला. दूरदूरच्या जिल्ह्यांतून व संस्थानांतून बैलगाडीने व आगगाडीने रोगी मिरजेस येऊ लागले. १९२८ साली वानलेस यांना सर ही पदवी मिळाली, आणि १९३३ साली ते निवर्तले. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडीने त्यांचे नाव आजही राखले आहे.

वानलेस यांची कीर्ती विशेषेकरून शस्त्रक्रियांवर, त्यातही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर उभी राहिली. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. हाताला धरून आणलेला आंधळा मनुष्य काही दिवसांनी आपल्या पायांनी, आपल्या डोळ्यांनी वाट पाहत घरी परतला, तर त्या उपचाराला दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही. मोतीबिंदू आपोआप नाहीसा होत नाही. म्हणून आलेली दृष्टी शस्त्राचीच देणगी होय, हे अडाण्यालाही पटते. झिजलेल्या गुडघ्याची गोष्ट अगदी उलट आहे. रोगी औषधाला जातो तो बहुधा दुखणे अगदी शिगेला पोहोचले म्हणजे. आणि शिगेला पोहोचलेले दुखणे पुढच्या महिन्यात पुष्कळदा आपोआप उतरतेच. त्या महिन्यात त्याने निर्गुडी बांधली असेल तर यश निर्गुडीला, गोळी घेतली असेल तर गोळीला, आणि मंतरलेला गंडा बांधला असेल तर गंड्याला मिळते. तिघांचेही साक्षीदार प्रामाणिक असतात, तरी तिघांचीही साक्ष अपुरी ठरते.

साताऱ्यास दोन्ही वैद्यकांचा संगम घडवून आणण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला, आणि त्याची खूण आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय या संस्थेच्या नावातच उमटलेली आहे. आर्य आणि आंग्ल ही दोन विशेषणे एका शब्दात जोडण्यामागे केवढी आकांक्षा होती! एकाच विद्यार्थ्याने नाडी पाहावी आणि शरीरविच्छेदनही शिकावे, असा तो काळ होता. १९३८ साली मुंबई प्रांतात वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा झाला. देशी वैद्यकांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९४८ साली दोन्ही पद्धतींचा समन्वय सुचविला. शुद्ध आयुर्वेद की मिश्र आयुर्वेद, यावर वैद्यांमध्ये कडाक्याचे वाद झाले. हे सर्व वाद अभ्यासक्रमाचे, मान्यतेचे आणि अधिकाराचे होते. दोन्ही शास्त्रे एका वर्गात शिकविली जाऊ लागली, पण दोहोंची औषधे एका तराजूत घालण्याचे साधन तोवर कोणाच्याच हाती आलेले नव्हते.

ते साधन १९४८ साली इंग्लंडात पुढे आले, आणि तेही संधिरोगाच्या निमित्ताने नव्हे. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा अगदी थोडे उपलब्ध होते. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाने १०७ क्षयरोगी निवडून, कोणास औषध द्यावे व कोणास केवळ विश्रांती, हे चिठ्ठी टाकावी तशा निव्वळ योगायोगाने ठरविले. डॉक्टरची आवड, रोग्याची श्रद्धा किंवा खिशातील पैसा यांपैकी कशाचाही निवडीशी संबंध राहू दिला नाही. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत जो फरक उरला, तो औषधाचाच मानावा लागला. या रीतीने अनेक प्रतिष्ठित औषधांचे गर्वहरण केले. १९४९ साली अमेरिकेतून कॉर्टिझोनची वार्ता आली तेव्हा खाटेला खिळलेले आमवाताचे रोगी चालू लागल्याचे वर्णन जगभर पसरले, आणि १९५० साली त्याच्या संशोधकांना नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि १९५४ साली ब्रिटनमध्ये आमवाताच्या नव्या रोग्यांवर कॉर्टिझोन आणि जुने, स्वस्त अ‍ॅस्पिरिन यांची अशीच समोरासमोर तुलना झाली, तेव्हा दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

झिजेच्या गुडघ्यावर या रीतीचा प्रयोग झाला म्हणजे काय दिसते, याचे एक उदाहरण डोळे उघडणारे आहे. ग्लुकोसामीन हे सांध्याचे खाद्य म्हणून जगभर विकले जाणारे द्रव्य. २००६ साली अमेरिकेत १५८३ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. काहींना ते द्रव्य, काहींना दुसरी औषधे, आणि काहींना औषधाचा अंशही नसलेली परंतु दिसावयास हुबेहूब तशीच गोळी दिली गेली. सहा महिन्यांनी असे आढळले की, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांचे दुखणे लक्षणीय कमी झाले होते. आणि ग्लुकोसामीनला एकंदरीत त्याहून निश्चित असे अधिक यश मिळाले नाही. ज्या रोगात काहीच न देता शंभरांपैकी साठांना बरे वाटते, त्या रोगात प्रत्येक वैद्यापाशी, प्रत्येक डॉक्टरपाशी आणि प्रत्येक शेजारणीपाशी गुण आल्याचे उदाहरण असावे, यात नवल ते कोणते?

मग देशी औषधांनी या तराजूत बसण्याचे टाळले काय? तसे मुळीच नाही, आणि त्याचे श्रेय महाराष्ट्राकडे पुष्कळ जाते. नागपूर येथे ३० रोग्यांवर शल्लकीच्या, म्हणजे सालईच्या डिंकाच्या अर्काची चाचणी झाली. २००३ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. बिनऔषधी कॅप्सूलच्या तुलनेत शल्लकीने वेदना व सूज कमी झाली, चालण्याचे अंतर वाढले. परंतु क्ष-किरण चित्रात काही पालट दिसला नाही. रोगी थोडे होते, तरी प्रयोग सरळ होता आणि उणी बाजूही त्यात झाकलेली नव्हती. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी त्याहून मोठा प्रयोग केला. सुंठ, गुळवेल, गुग्गुळ इत्यादींच्या कल्पांची ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब या औषधांशी २४ आठवडे तुलना केली गेली; त्यात ४४० रोगी होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वेदना कमी करण्यात आयुर्वेदीय कल्प त्यांच्या बरोबरीचे ठरले. त्याचबरोबर, हे कल्प घेणाऱ्या काही रोग्यांच्या रक्तात यकृतावरील ताण दाखविणारे द्रव्य वाढले आणि औषध थांबविल्यावर ते उतरले, हेही संशोधकांनी नमूद केले. वनस्पतीचे औषध म्हणजे निर्धोक औषध, ही घरोघरची समजूत त्यामुळे तपासून घ्यावी लागते.

याच संशोधकांनी आणखी एक महत्त्वाचे काम केले. गुडघेदुखी मोजण्यासाठी कॅनडात तयार झालेली एक प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. तिच्यात खुर्चीवरून उठणे, मोटारीत चढणे, मोजे घालणे असे प्रश्न असतात. परंतु ज्या रोग्याचे खरे दुःख मांडी घालता न येणे आणि शौचास उकिडवे बसता न येणे हे आहे, त्याचे दुखणे त्या मापाने कसे मोजले जाणार? पुण्यात ती प्रश्नावली भारतीय राहणीस जुळती करून घेण्यात आली. तराजू परका असला तरी चालेल, पण वजने आपल्या बाजारातील हवीत, हा त्यातील बोध.

आता सांगलीच्या बाजारातीलच एक वस्तू तराजूत घालून पाहावी. हळद आणि सांगली यांचे नाते सांगावयास नको. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे जमिनीत खोल पेवे खणून हळद वर्षानुवर्षे साठविली जाई. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मुका मार लागला की हळदीचा लेप आणि घसा धरला की हळदीचे दूध, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. गुडघ्यावर तिची परीक्षा मात्र थायलंडमध्ये झाली. २००९ साली १०७ आणि २०१४ साली ३६७ रोग्यांच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत हळदीच्या अर्काची तुलना आयब्युप्रोफेनशी केली गेली. वेदनाशमन जवळजवळ सारखेच झाले, आणि दुसऱ्या चाचणीत पोटदुखीची तक्रार हळद घेणाऱ्यांत कमी आढळली. सांगलीकरांस अभिमान वाटावा असा हा निकाल आहे, पण त्याला दोन अटी आहेत. या चाचण्या चार ते सहा आठवड्यांच्याच होत्या, आणि त्यांत बिनऔषधी गोळीचा तिसरा गट नव्हता. दुसरे असे की, तेथे दिला गेला तो सत्त्वाचा अर्क होता. साध्या हळदीत कर्क्युमिन साधारणतः तीन टक्क्यांच्या आसपास असते. दीड ग्रॅम कर्क्युमिन मिळवावयाचे तर दिवसाला सुमारे ५० ग्रॅम हळद पोटात जावी लागेल. चमचाभर हळद घातलेले दूध सुखाने प्यावे. त्यास चाचणीतील औषध मात्र समजू नये.

पाश्चात्त्य उपचारांनाही या तराजूने सवलत दिलेली नाही. वेदनाशामक गोळ्या गुण देतात, पण दीर्घकाळ घेतल्यास जठर, मूत्रपिंड व हृदय यांना अपाय करू शकतात; रोफेकॉक्सिब हे नामांकित औषध हृदयविकाराच्या भीतीमुळे २००४ साली जगभरच्या बाजारातून परत घेतले गेले. दुर्बिणीने गुडघा धुऊन साफ करण्याची शस्त्रक्रिया एके काळी फार प्रचारात होती. २००२ साली ह्यूस्टन येथील १८० रोग्यांच्या प्रयोगात काहींना खरी शस्त्रक्रिया व काहींना केवळ त्वचेवर छेद देऊन शस्त्रक्रियेचा देखावा केला गेला, आणि दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांची अवस्था सारखीच आढळली. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १४० रोग्यांच्या प्रयोगात, दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांची वेदना इतरांहून कमी झाली नाही आणि कूर्चा मात्र अधिक झिजली. गावोगावी विकल्या जाणाऱ्या निनावी चमत्कारी चूर्णांतही कधीकधी हेच स्टेरॉइड चोरून मिसळलेले सापडते. एका रात्रीत आराम देणाऱ्या पुडीविषयी म्हणूनच सावध असावे.

आणि सांधेबदल? १९६२ साली मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याच वर्षी इंग्लंडात जॉन चार्न्ली यांनी धातूचा गोळा व प्लास्टिकची खोबण असलेला खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वीपणे बसविण्यास प्रारंभ केला. पण महाराष्ट्रात झिजतो तो मुख्यतः गुडघा. खुब्याची झीज युरोपच्या मानाने इकडे कमी. भरवशाचा कृत्रिम गुडघा १९७० नंतरच्या दशकात घडला, आणि तो सामान्य घरांच्या आवाक्यात येण्यास त्याहूनही फार वेळ लागला. २०१७ साली केंद्र सरकारच्या औषधमूल्य प्राधिकरणाने त्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सांधा सरासरी सुमारे १ लाख ५८ हजार रुपयांस पडत असे, त्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. पूर्ण झिजलेल्या गुडघ्यास या शस्त्रक्रियेइतका गुण दुसऱ्या कशाने येत नाही, हे निर्विवाद आहे. तथापि डेन्मार्कमधील १०० रोग्यांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दुसरी बाजूही दाखविली. शस्त्रक्रिया झालेल्यांना अधिक आराम पडला, पण गंभीर उपद्रवही त्यांच्यातच अधिक झाले. आणि ज्यांना केवळ व्यायाम, आहार, औषधे व मार्गदर्शन मिळाले, त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश रोग्यांना पहिल्या वर्षात शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. शिवाय नवा गुडघा चालवितो छान, पण त्यावर मांडी घालून बसणे किंवा उकिडवे बसणे बहुधा वर्ज्य करावे लागते. ज्या घरात पूजा, पंगत आणि भजन जमिनीवरच होतात, तेथे हा सौदा आधी नीट समजावून सांगितला पाहिजे.

या साऱ्या तुलनेत एक उपचार असा निघाला की, ज्याला बाजारात विक्रेता नाही आणि म्हणून ज्याची जाहिरातही नाही. तो म्हणजे मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि वजनात घट. शरीराचे वजन एक किलोने उतरले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे अमेरिकेतील मोजमापांत दिसले आहे. २०१३ साली ४५४ स्थूल रोग्यांवरील दीड वर्षाच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी आहारनियमन व व्यायाम दोन्ही केले, त्यांचे वजन सरासरी दहा किलोंच्या वर घटले, आणि वेदना केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही कमी झाली. जुन्या वैद्यांनी अभ्यंगाबरोबर अर्ध्या शक्तीइतका व्यायाम सांगितला होता. आधुनिक डॉक्टरांनी व्यायामपटू तज्ज्ञ नेमले. रोगी मात्र दोघांकडूनही औषध तेवढे घेऊन घरी परतत राहिला. दुखतो म्हणून पाय हलवू नये, हे स्वाभाविक वाटते. पण झिजेच्या दुखण्यात अचलता हीच मोठी शत्रू आहे.

कृष्णाकाठच्या या इतिहासावरून दोनही वैद्यकांपैकी एकाला विजयी व दुसऱ्याला पराजित ठरविता येत नाही. साताऱ्याच्या संस्थेने आपल्या नावात जो संयोग केला होता, तो पूर्ण होण्यास दोन शास्त्रे शेजारी मांडणे पुरेसे नव्हते. दोघांनाही एकच प्रश्न विचारणे अवश्य होते. आज तो प्रश्न कोणत्याही सुशिक्षित घरात विचारता येण्याजोगा आहे. हे औषध ज्यांना दिले त्यांची तुलना न दिलेल्यांशी झाली आहे काय? आराम किती दिवस टिकला? अपाय कोणते नोंदले? आणि या खर्चात याहून साधा उपाय करून पाहिला आहे काय? वैद्य असो वा डॉक्टर, जो या प्रश्नांनी रागावत नाही, त्याच्याकडे जाण्यास हरकत नाही.

उतरताना दुखरा पाय आधी टाकणारी ती गृहिणी आपल्या अनुभवाने योग्य तेच करीत असते; शास्त्रानेही पुढे तीच रीत बरोबर ठरविली. तिच्या गुडघ्याला तेल लावून देणाऱ्या हाताचे मोल कोणत्याही तराजूत कमी भरणार नाही. परंतु तेल लावून झाल्यावर त्याच हाताने तिला धरून रोज अंगणात चार फेऱ्या घालविल्या, तर तिच्या पायांतील बळ पुष्कळ दिवस टिकून राहील.